डावा वर

दुकान बर दुबईत, कापडबाजाराच्या मागल्या गल्लीत.
पाटीवर एक बगळा, खाली दर: पाच तास, दीडशे दिरहम.
पहिल्याच दिवशी हारुएबाई म्हणाल्या,
बाकी काही चुकलीस तरी चालेल, कुमुद,
पण उजवा काठ आत, डावा वर.
उलटं फक्त मेलेल्याला.

भाड्याचे कपडे मला नवे नव्हते.
कुडाळला आमची ड्रेपरी होती.
राजाचा अंगरखा एका रात्रीपुरता जायचा,
सकाळी यायचा अस्तनीत विडीचं थोटूक घेऊन.
बाबा तो नाकाशी धरायचे आणि सांगायचे
राजा कितव्या प्रवेशात घाबरला.

त्या रविवारी मॅरिविक आली,
रात्रपाळीहून तशीच,
पायांत अजून दवाखान्याचे पांढरे बूट.
दोन मांडण्या बघून तिनं काढला
पिकल्या रातांब्याच्या रंगाचा.
मी तिच्या पोटाला टॉवेल गुंडाळले, कंबर घालवली
(इथे कंबर दिसता कामा नये,
नऊवारी नेसवताना मी नेमकं उलटं शिकलेले)
आणि पट्टा आवळताना म्हटलं,
श्वास घे. धर.
ती हसली. हे तर मी म्हणते, म्हणाली, दिवसाला चाळीस जणांना.

मग ती गेली, लाकडी चपला वाजवत,
काकडीच्या चिरीएवढं एकेक पाऊल टाकत.

फोटो येत राहिले.
अब्राच्या फळीवर बसलेली, मागे खाडी.
एका पोलिसाशेजारी, दोघंही ताठ.
तिसऱ्यात केशराच्या बरण्या, तिचा चेहरा मोठा, अगदी जवळ,
आणि छातीवर
उजवा वर.

मी इस्त्री बंद केली की नाही आठवत नाही.
एक दिरहम मुठीत, चपला कशाबशा,
खाडी ओलांडताना वाटलं बोट मुद्दाम रेंगाळते आहे.
पलीकडे मसाल्यांची गल्ली, लिंबं वाळत घातलेली,
सुका, सुका, बाई इकडे बघा, म्हणणारे विक्रेते,
आणि सोनेबाजाराच्या तोंडाशी ती,
हातात उसाचा रस.
डावा वर.
मी बांधला होता तस्साच.

तिनं फोन दाखवला. पुढचा कॅमेरा, आरशासारखा.
मागची अरबी पाटीही उलटी आली होती म्हणे.
मला ती सुलटी असतानाही उलटीच दिसते.

धावत का आलात, तिनं विचारलं.
सांगावं लागलं.
तिनं रसाचा ग्लास कठड्यावर ठेवला.
मग म्हणाली, गुरुवारी वॉर्डात एक गेला,
क्रेनवर काम करायचा, तुमच्याच बाजूचा असेल,
शेवटी काहीतरी बोलत होता, मला समजलं नाही.
त्याचे हात मी छातीवर ठेवले.
कुठला वर, ते कोणी सांगितलं नव्हतं.
तुमच्यात कुठला असतो?

तीस पावसाळे लोकांना कपडे चढवले मी,
राक्षस, राण्या, एकदा अख्खी वानरसेना.
हे मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या बोटीत आम्ही शेजारी बसलो.
कोणा जर्मन म्हाताऱ्यानं तिचा फोटो मागितला,
तिनं मलाही ओढलं,
आणि मी, इस्त्रीच्या वासाची, ओढणी वाऱ्यावर,
त्या रातांब्याच्या बाहीआड अर्धी लपलेले.
मध्येच मोठी बोट गेली, लाट उसळली,
पाणी घोट्यापाशी रेशमावर.

अजून चाळीस मिनिटं होती तिची.
म्हणाली, नको, उतरवा, आता झोपायचंय.
गाठ सोडली तसा तिचा श्वास सुटला,
सकाळपासूनचा.
पांढरे बूट घालून गेली, बसचं कार्ड दातांत धरून.

मी किमोनो नाकाशी धरला.
वेलदोडा. डिझेल. थोडा उसाचा रस.
आणि खाली खारट पाण्याची वितभर रेघ.
डागाला पन्नास दिरहम, हारुएबाईंचा नियम.
वहीत शेवटचा रकाना असतो.
मी लिहिलं, नाही.
आणि ओल्या फडक्यानं बसले पुसत,
गल्लीतले दिवे लागेपर्यंत.